बेटम्याच्या लाईनवरच्या बाई

आमच्या तारघरात बाईंना तोंडावर विक्षिप्त म्हणायची कोणाची छाती नव्हती, म्हणून आम्ही त्यांना 'फार अनुभवी' म्हणायचो.

भर मे महिन्यातसुद्धा त्या उजव्या मनगटावर लोकरी पट्टी घालून यायच्या. वडिलांच्या पलटणीतल्या मोज्याचा वरचा भाग कापून, कडा दुमडून ती शिवलेली होती. त्या हातानं त्यांनी कधी पिशवी उचलली नाही, की दाराची कडी काढली नाही. डाव्या हातात छत्री, डबा, पर्स असं सगळं घेऊन दारापाशी उभ्या राहायच्या, आणि कोणीतरी उठून दार उघडेपर्यंत तिथंच. "हा हात सरकारचा आहे," म्हणायच्या. "याच्यानं कडी काढायला मी काय सरकारला विचारून आलेय?" निम्मं हापिस त्यांना शिष्ट समजायचं ते या दारापायी. उरलेल्या निम्म्याचं कारण वेगळं होतं, पण ते कोणी बोलून दाखवत नसे. आम्ही सुधारलेली माणसं होतो. बाई महूच्या. बौद्ध कुटुंब, तीन पिढ्या फौजेत. त्यांचा कप आमच्यापेक्षा वेगळा नव्हता, एवढी प्रगती आम्ही केलेली होती. फक्त त्यांनी डबा उघडून "घ्या रे" म्हटलं, की नेमकी त्याच वेळी सगळ्यांना ॲसिडिटी व्हायची. मलाही. माझे आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. आमच्या घराण्यात पोटं नाजूकच.

तो काळ असा, की इंदुरात रोज काहीतरी बंद पडत होतं आणि रोज काहीतरी उघडत होतं. बंद पडत होत्या मिला, उघडत होते एस्टीडीचे पिवळे बूथ. "एकेका मिलचा भोंगा थांबला की त्या मोहल्ल्यात घड्याळं जास्त खपतात भिया," असं माझ्या शेजारी टेलिप्रिंटरवर बसणारा दोस्त म्हणायचा, आणि आम्ही हसायचो. हसायला आमचं काय जात होतं? आम्ही सरकारी.

तारघरातही नवा जमाना आला होता. टेलिप्रिंटर होते, काचेच्या केबिनमध्ये फॅक्सचं मशीन नवरीसारखं झाकून ठेवलेलं होतं. जुन्या मोर्सच्या खटक्यावर एकच लाईन उरली होती, बेटम्याची. धारच्या रस्त्यावरचं गाव ते. तिथल्या पोस्टातल्या एका कोपऱ्यात एक म्हातारा तारबाबू, आणि इकडे आमच्या हॉलच्या टोकाला बाई. मधे तार. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांनी साहेबांना तीन वेळा एकच अर्ज दिला होता: शेवटच्या दिवसापर्यंत मला याच लाईनवर ठेवावे. बढती नको, महूला बदली नको. साहेब म्हणायचे, "बाई, जगात कोणी असा अर्ज करतं का?" बाई म्हणायच्या, "म्हणून तर तीनदा करावा लागतो."

मोर्सच्या धंद्यात 'हात' म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं, कारण माझा सगळा गुन्हा त्यातच आहे. टिंब आणि रेघ सगळ्यांचं एकच. पण प्रत्येकाची वाजवायची चाल वेगळी. कोणी टिंबं सांडतो, कोणी रेघ ओढतो. पलीकडचा माणूस आवाज ऐकल्यासारखा ती चाल ओळखतो. बाईंची टिंबं बाजरीच्या दाण्यासारखी सुटी पडायची, आणि शब्दातली शेवटची रेघ त्या किंचित लांबवायच्या. आणि आकडा आला की तार संपल्यावर तो पुन्हा वाजवायच्या. नियमच होता तसा. पण तो पाळणाऱ्या हापिसात त्या एकट्या. "आकडा दोनदा. एकदा त्याच्यासाठी, एकदा आपल्यासाठी," हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. मला त्यांनीच शिकवलं. टेबलावर मनगट टेकवू दिलं नाही, बोटांवर फूटपट्टी मारली, आणि सहा महिन्यांनी म्हणाल्या, "कान बरा आहे तुझा. बाकी सगळं वाया गेलंय, पण कान बरा आहे."

जेवणाच्या सुट्टीत बाईंचं व्याख्यान असे. विषय ठरलेला: एकोणिसाव्या शतकातल्या तारघरात बसणाऱ्या बायका. महूच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी इंग्रजांच्या काळातलं एक नियमांचं पुस्तक उचललं होतं. कव्हर नाही, मधली पानं नाहीत. त्यावरून त्या अशा सांगायच्या, जणू काही त्या बायका आत्ताच चहा पिऊन गेल्यात.

"पडदा लावायचे मधे. पुरुषांची नजर पडू नये म्हणून. आता पडद्याआडून तार येते ती काय घुंगट घेऊन येते?"

"गोऱ्या होत्या ना बाई त्या?" कोणीतरी विचारायचं.

"गोऱ्या, अर्ध्या गोऱ्या. कुमारिका किंवा विधवा. लग्न केलं की घरी. पगार पुरुषापेक्षा कमी. आणि रिपोर्टात लिहायचे, बायकांचा हात हलका असतो, त्या चुका कमी करतात. चुका कमी, पगार कमी. बरोबर हिशेब."

मग हळूहळू गाडी पणजीवर यायची. बाईंची पणजी महूच्या छावणीतल्या तारघरात झाडलोट करायची. तिथल्या मडमेचं एका लेफ्टनंटशी गुपचूप जमलेलं. तो आला की मडम बाहेर जायची, आणि खटक्यावर बसायची ती पणजी. रोज झाडू मारता मारता ऐकून ऐकून शिकलेली. असं म्हणे दोन वर्षं चाललं.

"झाडूवालीला इंग्रजी येत होतं बाई?" मी एकदा विचारलं. अगदी नम्रपणे. हे सगळे प्रश्न मी नम्रपणेच विचारायचो.

"टिंब आणि रेघ यायची. इंग्रजी तुला तरी कुठं येतं?"

हॉल हसला. मला झोंबलं. मी म्हटलं, "पण पुरावा काय?"

"पलीकडच्याला दोन वर्षांत कळलं नाही, हाच पुरावा. कळलं असतं तर पुरावा फायलीत असता आणि पणजी कोठडीत."

त्या दिवसापासून मी बाईंची नक्कल करायला लागलो. तोंडानं नाही, तेवढी हिंमत नव्हती. पेन्सिलीनं टेबलावर. बाजरीचे दाणे, मग शेवटची रेघ लांबवायची, आणि डोळे मिटून मान हलवायची. टेलिप्रिंटरवाला दोस्त लोटपोट व्हायचा. "क्या बात है भिया, एकदम बाईसाब!" कान बरा असण्याचा मी केलेला हा पहिला उपयोग. दुसरा आणखी वाईट होता.

बंद पडलेल्या मिलमधल्या मजुरांचा मोर्चा त्या दिवशी आमच्या रस्त्यानं निघाला. हजारो माणसं, आणि घोषणा कमी. उन्हात बिनभोंग्याची शिफ्ट सुटल्यासारखी चालली होती. बाई खिडकीतून बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "दहा मिनिटं बस इथं. त्यांना पाणी देऊन येते." प्यूनला घागर उचलायला लावून खाली गेल्या. खटक्यावरून उठताना डायरीत नोंद करायची, हा नियम. ती त्यांनी केली नाही. आयुष्यात त्यांनी मोडलेला मला माहीत असलेला हा एकच नियम.

तेवढ्यात बेटम्याची एक तार आली पाठवायला. एका मिलमधला माणूस गावी गेलेल्या आपल्या सोबत्याला कळवत होता: आपलं खातं पुन्हा चालू होतंय, तेरा तारखेपर्यंत गेटवर येऊन नाव लिहव, नाहीतर जागा जाईल. त्या मिलमध्ये एकच खातं चालू होणार होतं. बाकी सगळ्यांना कुलूप.

मी खटक्यावर हात ठेवला, आणि दोस्त म्हणाला, "अरे, बाईसाब के हाथ से भेज ना! देखते हैं बुड्ढा पकड़ता है क्या."

मी पाठवली. बाईंच्या हातानं. सुटी टिंबं, लांबवलेली रेघ, मिटलेले डोळे, सगळं. दोस्त तोंडात रुमाल कोंबून हसत होता. तीन म्हणजे तीन टिंबं आणि दोन रेघा. आठ म्हणजे तीन रेघा आणि दोन टिंबं. बरोबर उलट. शेवटची रेघ लांबवायच्या नादात मी ते उलटं करून बसलो, आणि तेराचे अठरा झाले. आकडा पुन्हा वाजवला असता तर बेटम्याच्या म्हाताऱ्यानं तिथंच अडवलं असतं. पण आम्हाला हसायचं होतं. म्हाताऱ्यानं पोच दिली, आणि वर जोडलं: "राम राम, बाईसाब." आम्ही आणखी हसलो.

बाई वर आल्या, पदरानं तोंड पुसलं, विचारलं, "काही होतं?" मी म्हटलं, "एक होती, गेली." त्यांनी डायरीत वेळेपुढं आपली सही केली.

एकोणीस तारखेला दोन माणसं काउंटरवर आली. एक पाठवणारा, एक बेटम्याचा. बेटम्याचा माणूस पस्तिशीचा, साच्यावर, म्हणजे मिलच्या मागावर काम करणारा, पांढरा धुतलेला शर्ट घालून आलेला. नोकरी मागायला जाताना घालतात तसा. त्यानं तारेचा कागद काचेवर ठेवला. "इसमें तो अठारह लिखा है, साब. मैं अठारह को गया. गेटवाला बोला, लिस्ट तेरह को बंद हो गई."

सोबती म्हणाला, "मैंने तेरह लिखवाया था." त्याचा फॉर्म काढला. तेरा होते.

बेटम्याचा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून, कुठला जास्त खरा आहे ते बघत राहिला.

चौकशी बसली. डायरीत बाईंची सही. पण साहेब पापभीरू माणूस. म्हणाले, "बाईंनी आकडा दोनदा वाजवला नाही? बाई झोपेतही दोनदा कूस बदलत असतील. त्या वेळी खटक्यावर दुसरं कोणी होतं का?"

मी म्हणालो, "मी माझ्या टेबलावर होतो."

वाक्य तसं खोटंही नव्हतं. दिवसातून सात तास मी माझ्याच टेबलावर असायचो. दोस्तानं खिडकीतून वाहतुकीकडे बघायला सुरुवात केली. साहेबांनी तोड काढली. बेटम्याच्या म्हाताऱ्याला लाईनवर घेतलं. खटक्यावर बसू शकणारे बाई आणि मी, दोघंच; दोघांनी एकच वाक्य वाजवायचं, कोण वाजवतंय ते सांगायचं नाही. म्हाताऱ्यानं सांगायचं, त्या दिवशीचा हात कुठला.

आधी मी बसलो. बाई माझ्या मागं उभ्या होत्या. आणि मी असा हात वाजवला, जसा मी कधीच वाजवत नव्हतो. जड, कोरडा, शिकाऊ. सहा महिन्यांत बाईंनी जे जे काढून टाकलं होतं, ते सगळं मी परत आणलं, मनगट टेकवून. हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. कळणारा कान एकच होता, तो माझ्या पाठीमागं.

मग बाई बसल्या. पट्टी सारखी केली. वाजवायच्या आधी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पाठ करून आणलेल्या मुलाकडे मास्तरीण बघते तसं; आता म्हणेल, आता म्हणेल. अर्धं मिनिट तरी गेलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला दिसत होता. मी काट्याकडे बघितलं.

मग त्यांनी वाजवलं. आपल्याच हातानं, एकही टिंब इकडं तिकडं न करता.

म्हाताऱ्याचं उत्तर आलं: दूसरा वाला.

"बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात अक्षरशः विनंती होती.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि सही केली.

बाईंची लाईन गेली. त्यांना फॅक्सच्या काचेच्या केबिनमध्ये बसवलं. आणि बेटम्याची लाईन कोणाला मिळाली असेल? कान बरा असलेला दुसरा माणूस हापिसात नव्हता.

फॅक्सच्या केबिनमध्येही बाईंनी हापिसाला काही कमी ताप दिला नाही. फॅक्स गेला की त्या पलीकडे फोन लावायच्या. "तुमच्याकडे सतरा दिसतंय ना? एक आणि सात? पुन्हा वाचा बघू." व्यापारी वैतागायचे. "मैडम, फोटो है, फोटो में क्या गलत होगा?" बाई म्हणायच्या, "फोटोत बघणारा चुकतो." माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या. डबा उघडायच्या, "घे रे" म्हणायच्या. याच्याहून कडक शिक्षा मला वाटतं कोर्टातसुद्धा नसावी. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या कर्तव्यनिष्ठेवर बोललो. टाळ्या पडल्या.

मी माझी समजूत घालून घेतली होती. ती मिल पुढं वर्षभरात पूर्णच बंद पडली. म्हणजे त्या माणसाची नोकरी जाणारच होती, मी फक्त घाई केली. लाईनही पुढं काढून टाकली; म्हणजे बाईंची जागा जाणारच होती. उदारीकरण मोठी सोय होती. कुठलाही गुन्हा त्याच्या नावावर चढवता यायचा.

मग तारच बंद झाली. शेवटच्या दिवशी लोकांनी रांगा लावून स्वतःच्याच पत्त्यावर तारा पाठवल्या आणि फॉर्मसोबत फोटो काढले. ज्यांनी आयुष्यात तार आली की आधी रडून घेतलं, त्यांच्या नातवंडांचे डोळे पाणावले. मला वाटलं, आता माफीनामा लिहायला हरकत नाही. वाचणारं खातंच उरलं नव्हतं. मी एक अर्ज टाईप केला: चूक माझी होती, बाईंचं नाव साफ करावं. तो खिशात घालून अन्नपूर्णा मंदिराकडच्या वस्तीत गेलो. बाई तिथं भाचीकडे राहत होत्या. दार त्यांनीच उघडलं, उजव्या हातानं.

"ये," म्हणाल्या. "जाड झालास."

मी अर्ज दिला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"इंग्रजी सुधारलं तुझं."

"बाई, तुम्हाला माहीत होतं."

"माझ्या मागं उभं राहून तू वाजवलं असतंस तरी मला कळलं असतं. मी तर तुझ्या मागं होते."

"मग बोलला का नाहीत?"

"मी काय बोलायचं? तोंड तुझं होतं." त्यांनी अर्जाची घडी घातली. "मी थांबले होते ना. किती वेळ थांबायचं माणसानं?"

मी काहीतरी पुटपुटलो. तरुण होतो, घाबरलो होतो, असलं. बाईंनी हात वर करून थांबवलं.

"माझं ठीक आहे रे. मला लाईनच्या ऐवजी खुर्ची मिळाली, पंखा मिळाला. बेटम्याला गेला होतास?"

"बेटम्याला?"

"तो साच्यावरचा. त्याच्याकडे."

मी गेलो नव्हतो. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्याच्याकडे जावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला जे काही टोचत होतं ते सगळं बाईंच्या नजरेचं होतं. त्या माणसाचं नावही मला आठवत नव्हतं.

बाईंना आठवत होतं. घर कुठं, तेही. अर्ज त्यांनी माझ्या हातात परत दिला. "हा मला कशाला? जा, तिकडे जाऊन सांग."

पुढच्या रविवारी मी गेलो. बेटम्यात विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर खाट उभी करून तो नायलॉनच्या पट्ट्या विणत होता. केस पांढरे. बोटं भराभर चालत होती. साच्यावरचा माणूस, विणणं सुटलं नव्हतं. मी ओळख सांगितली, तारघरवाला. त्यानं मान हलवली. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, "वो तेरह का अठारह मैंने किया था."

"नहीं साब," तो म्हणाला, हात न थांबवता. "वो तो बाईसाब से हुआ था. आई थीं वो. उसी हफ्ते, बस से. यहीं बैठी थीं. मेरी घरवाली ने चाय पिलाई. बाईसाब ने हाथ जोड़े, बोलीं, मेरी लाइन पे गलती हुई, माफ करो."

"त्यांची नव्हती. उनकी नहीं थी. मेरी थी."

आता हात थांबला. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, काउंटरवर दोन कागदांकडे बघितलं होतं तसं.

"फिर आप उस दिन काँच के पीछे ही खड़े थे?"

"हाँ."

त्यानं सैल झालेली पट्टी ओढून घेतली. मग म्हणाला, "माफी तो मैं उनको दे चुका, साब. अब दूसरी कहाँ से लाऊँ?"

राग नव्हता त्याच्या बोलण्यात. दुकानात माल संपलाय असं सांगावं, तसं सांगितलं. मग पट्टीचं मोकळं टोक माझ्याकडे केलं. "पकड़ो जरा. कस के. ढीली रही तो पूरी खाट बैठ जाएगी."

मी ते धरलं. तो विणत राहिला. बराच वेळ झाला, बोटं दुखायला लागली, पण तो सोडा म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.